भिंत ऐकणारा

तो "भरीव" म्हणाला आणि मामांनी त्या दगडावर खडूनं फुली मारली.

फुली मारायची असते ती पोकळ दगडावर. भरीव दगडाला काही करायचं नसतं, हातोडी पुढच्या दगडाकडे न्यायची असते. काम एवढंच, आणि दोघं ते इतकी वर्षं करत आले होते की त्यात घोळ व्हायला जागाच उरली नव्हती. पाळणा पाचव्या मजल्याशी लटकत होता. पाळणा म्हणजे गच्चीवरून दोरांनी सोडलेला, दोन माणसं जेमतेम मावतील असा लोखंडी कठडा. मामा दोर सांभाळायचे आणि फुल्या मारायचे, तो ठोकायचा आणि ऐकायचा. वारा होता, पण फार नव्हता. तो हसून म्हणाला, "मामा, डोळे नवे करून आलात आणि हात जुना राहिला वाटतं. भरीव म्हटलं मी." मामांनी हसून फुली पुसायला हवी होती. ती त्यांनी पुसली नाही. खडू खिशात टाकला, परत बाहेर काढला, खाली रस्त्यावरच्या गाड्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "असू दे." त्यानं दगडावर पुन्हा हातोडी मारली. टक. कोरडा, नेटका, स्वच्छ टक. "ऐका की," तो म्हणाला. मामांनी बोटाचं पेर दगडावर एकदाच वाजवलं आणि हात लगेच मागे घेतला. "असू दे म्हणतो ना," ते पुन्हा म्हणाले, आणि त्या म्हणण्यात एक मऊपणा होता. आजारी माणसाशी बोलताना घरातले लोक काढतात तसला मऊपणा. 

साइटवर त्याला सगळे कानसेन म्हणत. खरं नाव कुणी घेत नसे, पगाराच्या पाकिटावरसुद्धा मुकादमानं एकदा गमतीनं कानसेन लिहून टाकलं होतं. उंच इमारतींना बाहेरून दगडाच्या पातळ फरशा लावतात, उन्हापावसात भिंत टिकावी आणि चारचौघांत रुबाब दिसावा म्हणून. त्या नीट लावायच्या तर मागच्या पूर्ण अंगाला सिमेंटचा माल थापायचा असतो. पण गवंड्याला घाई असते. तो फरशीच्या पाठीला मालाचे पाच गोळे लावतो, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, फरशी भिंतीवर दाबतो आणि पुढची उचलतो. बाहेरून काही कळत नाही. मागे गोळ्यागोळ्यांमध्ये नुसती हवा. मग गच्चीच्या कठड्यावरची फरशी कुठंतरी तडकते, पाणी आत उतरायला लागतं, पश्चिमेचं ऊन रोज दगडाला तापवतं, दगड फुगतो, भिंत तेवढी फुगत नाही, आणि एक गोळा सुटतो. पुढे दुसरा. शेवटी ती फरशी एका गोळ्यावर लटकते, आणि तरी दिसायला पहिल्या दिवसासारखीच, तशीच तुळतुळीत, पावसानं धुतलेली. डोळ्यांना तिचं काहीही कळत नाही. कळतं ते कानाला. भरीव दगड ठोकला की आवाज जागच्या जागी संपतो. पोकळ दगडाच्या टकामागे एक ढब असते, एक घुमारा असतो, आत कुणीतरी रिकाम्या खोलीत बसलंय असा. तो घुमारा त्याला म्हणे वाऱ्यातसुद्धा ऐकू यायचा. मोठमोठे इंजिनिअर यंत्रं घेऊन यायचे आणि शेवटी विचारायचे, कानसेन काय म्हणतो?

त्यानं पुढचा दगड ठोकला. "भरीव." त्याच्या पुढचा. "भरीव." आता तो दगडाकडे बघत नव्हता, डोळ्याच्या कोपऱ्यातून मामांच्या हाताकडे बघत होता. पहिल्या दगडावर हात हलला नाही. दुसऱ्यावर हळूच वर गेला आणि फुली मारून खाली आला. लहान मुलाच्या ताटातलं खरकटं त्याला न कळता उचलावं तसा. मग त्यानं एक गोष्ट केली, जी केली नसती तर बरं झालं असतं. एका दगडावर हातोडी मारली, टक आला, आणि तो मुद्दाम म्हणाला, "पोकळ." मामांनी खडू दगडापाशी नेला, मनगट वळवलं, फुली मारल्याचं सगळं केलं, आणि दगडावर काहीच उमटलं नाही. त्यांनी खडू दगडाला लावलाच नव्हता. म्हणजे तो काय म्हणतो याचा आणि भिंतीवर काय होतं याचा काही संबंधच नव्हता. तो भरीव म्हणो, पोकळ म्हणो, पाढे म्हणो. शेजारी उभं राहून हा माणूस स्वतःच्या कानानं ऐकत होता आणि स्वतःच्या मतानं फुल्या मारत होता, आणि तो आपला एखाद्या शोभेच्या बाहुल्यासारखा हातोडी हलवत होता. किती दिवस?

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

मामा काही म्हणाले. त्यांचे ओठ हलले. त्याला शब्दांचे शेंडे तेवढे ऐकू आले. मामांचा आवाज आधीपासून खर्जातला, विहिरीतून आल्यासारखा, आणि हल्ली वारा फार असतो म्हणून तो त्यांना दर वाक्याला "काय?" विचारायचा. आत्ता वारा पडला होता. कठड्याला बांधलेलं फडकं सरळ खाली लोंबत होतं. "काय?" त्यानं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याची नजर त्या फडक्यावर खिळली.

मामा त्याच्या कानाशी आले. "गेल्या उन्हाळ्यापासून," ते म्हणाले. "आधी वाटलं सर्दी असेल. मग वाटलं वय झालं असेल, पण तुझं कसलं वय. तुला वरचा टक येतो, मागचं येत नाही. सांगणार होतो रे. पण सांगू कसा? कानसेनला ऐकू येत नाही हे कुणाला सांगायचं? आणि मी आहे ना सोबत. दोघांत मिळून काम होतंय, झालं." त्याला राग यायला हवा होता. आला नाही. त्याला भीती वाटत होती, आणि ती अजून कशाची ते त्याला नीट कळत नव्हतं. ती पाळण्याच्या तळाखालून, पायांच्या तळव्यांतून वर चढत होती. त्यानं कठडा घट्ट धरला. इतक्या वर्षांत त्यानं कठडा कधी धरला नव्हता.

घरातला फ्रिज पूर्वी रात्रंदिवस घुरघुरायचा. एक दिवस त्याच्या लक्षात आलं की तो गप्प झालाय, आणि तो बायकोला म्हणाला, "बघ, आपोआप सुधारला." ती कपड्यांच्या घड्या घालता घालता थांबून त्याच्याकडे बघत राहिली होती. रस्त्यावरच्या बसगाड्या हल्ली अंगावर आल्याशिवाय कळायच्या नाहीत. नव्या गाड्या आवाज करत नाहीत, असं त्यानंच कौतुकानं दोघातिघांना सांगितलं होतं. खालच्या मजल्यावरची पाण्याची मोटर, शेजाऱ्यांच्या टीव्हीतली भांडणं, गच्चीवरच्या पत्र्यांवरून जाणारं विमान, सगळं एकेक करून निघून गेलं होतं, आणि त्याला वाटलं होतं आपल्याला आता शांतता मानवायला लागली, वय वाढलं की माणूस शांत होतो. बायकोचा आवाज येत होता. आईचा येत होता. चिमण्या, ताटल्या, किल्ल्या, सगळं बारीक-उंच अगदी लख्ख येत होतं, म्हणून संशय यायचं कारणच नव्हतं. त्याचे वडीलसुद्धा उतारवयात असेच शांत झाले होते. कुणी काही बोललं की हसायचे, मान हलवायचे. पाहुणे म्हणायचे, केवढे समाधानी आहेत बघा. एकदा त्यांच्या पाठीमागे कपाट कोसळलं होतं, मोठं लाकडी कपाट, आणि ते पेपर वाचत बसले होते. घरच्यांनी त्याचंही कौतुक केलं होतं. आता त्याला ते हसू आठवलं. ते समाधानाचं नव्हतं. समोरचा काय म्हणाला असेल याचा अंदाज बांधणाऱ्या माणसाचं ते हसू होतं, आणि अंदाज चुकेल की काय या धास्तीनं ते जरा जास्तच लांबलेलं असायचं. पंधरवड्यापूर्वी एका फोटोत त्याला स्वतःच्या चेहऱ्यावर तेच दिसलं होतं आणि बायको म्हणाली होती, "अगदी मामंजींसारखे दिसताय."

"गेल्या उन्हाळ्यापासूनच्या सगळ्या भिंती," तो म्हणाला. म्हणताना त्याचा आवाज इतका हळू निघाला की मामांना वाकावं लागलं. "सगळ्या भिंती, मामा. बँकेची. ती डोळ्यांच्या दवाखान्याची."

"सगळ्या मी ऐकल्यात," मामा म्हणाले. "काळजी करू नकोस. एकही सोडली नाही. तू डबा खायला बसलास तरी मी खालच्या रांगा वाजवून बघायचो. फक्त मी ऑपरेशनला गेलो होतो तेव्हाची..." आणि ते थांबले. "तेव्हा तू सुट्टीवरच होतास ना? मुकादम म्हणाला सुट्टीवर आहेस."

तो सुट्टीवर होता. आणि सुट्टीत त्यानं एक भिंत ऐकली होती.

आता भीती कशाची ते त्याला कळलं. ज्या इमारतीत तो राहत होता तिच्या पश्चिमेच्या भिंतीलाही असाच दगड होता, तांबूस, लोकांना आवडणारा. दोन वर्षांपूर्वी वरचा एक तुकडा पडला होता, रिकाम्या जागेत, तेव्हापासून प्रवेशदाराच्या वर हिरवी जाळी बांधलेली होती आणि तिच्यामुळे बाकावर ऊन यायचं नाही म्हणून म्हाताऱ्यांची कुरकुर चालायची. इमारतीचा सगळा कारभार मास्तर बघायचे, शाळेतून निवृत्त झालेले, तिसऱ्या मजल्यावरचे. ते एकदा म्हणाले, घरात कानसेन असताना बाहेरच्या कंपनीला कशाला बोलवायचं? तो फुशारला होता. हे त्याला आता स्पष्ट आठवलं, तो फुशारला होता. मामा आजारी, म्हणून कुठलासा दोरवाला मदतीला घेतला. तो पोरगेलासा माणूस सांगाल तेवढंच करायचा, आणि ह्यानं भरीव म्हटलं की मुकाट्यानं मान डोलवायचा. अख्खी भिंत, वरपासून खालपर्यंत, आणि शेवटी फुली एकही नाही. एकही फुली नाही! अशी भिंत त्यानं जन्मात पाहिली नव्हती, आणि त्याला त्याची शंका यायच्या ऐवजी आनंद झाला होता. खाली जमलेल्या लोकांना त्यानं पाळण्यातूनच ओरडून सांगितलं होतं, "मास्तर, भिंत ठणठणीत आहे!" मग जाळी काढली. कुणी काढली? त्यानंच. गाठी त्यानं स्वतःच्या हातानं सोडल्या होत्या आणि खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बाकावर ऊन आलं. त्या बाकावर रोज दुपारी त्याची आई बसायची.

"मला खाली सोडा," तो म्हणाला.

पाळणा खाली उतरायला वेळ लागतो, तो घाईनं उतरवता येत नाही. मजल्यामागून मजला दगड त्याच्या नाकासमोरून वर सरकत गेले, काहींवर मामांच्या फुल्या, काही नुसते, आणि त्याला वाटलं आपण कुठल्यातरी विहिरीत जातोय. त्यानं बायकोला फोन लावला. कानाला लावला तर आत काहीच नव्हतं. घंटी वाजत होती की नव्हती, ती उचलत नव्हती की हा फोनच मुका झाला होता, काही कळेना. एरवी तो फोनच्या स्क्रीनकडे बघत बसायचा, ती उचलली की आकडे पळायला लागायचे. हेही तो कधीपासून करत होता कुणास ठाऊक. त्यानं बघितलं. आकडे पळत नव्हते. म्हणजे ती खाली बाकाशी आईजवळ असणार आणि फोन वर घरात. त्यानं घरच्या भिंतीचं सगळं सांगितल्यावर मामा म्हणाले, "मी पाळणा बांधतो आणि मागोमाग येतो. तू आधी लोकांना लांब कर. ठोकत बसू नकोस, सुटलेला दगड ठोक्यानंसुद्धा पडतो." एवढं त्याला कळलं, कारण ते तोंड त्याच्यापुढे धरून बोलत होते. आता आठवलं, हल्ली ते नेहमी तसंच बोलायचे.

रस्ता तोच होता, ज्यावरून तो रोज जायचा. पण आज त्याला सगळीकडे इमारतींच्या अंगावर चढवलेली कातडी दिसत होती. बँकेच्या दर्शनी भागाला काळा दगड, त्याखाली रांगेत उभी माणसं. कपड्यांच्या दुकानाला अॅल्युमिनियमचे पत्रे, स्क्रूच्या डोक्यांखालून गंजाचे ओघळ. एका घराच्या छपरावर नवी लाल कौलं, आणि कडेची दोन कौलं जरा पुढे आलेली, त्याच्या बरोब्बर खाली एक बाई बाळाला खेळवत होती. सावली कुठं पडते ते बघून लोक उभे राहतात, आणि सावली भिंतीच्या पायथ्याशीच असते. कुणी वर बघत नव्हतं. का बघतील? कुणीतरी बघितलंय असं प्रत्येकानं धरून चालायचं असतं, नाहीतर रस्त्यावरून चालताच येणार नाही. तो भिंतींपासून लांब राहण्यासाठी रस्त्याच्या मधून चालायला लागला. एक ट्रक त्याला बाजूनं इतक्या जवळून चाटून गेला की सदरा फडफडला. ड्रायव्हर मान बाहेर काढून बरंच काही बोलला. तोंड उघडलेलं, दात दिसतायत, आणि आवाज नाही असं ते शिव्या देणं पाहून त्याला वाटलं, मेल्यावर असंच दिसत असेल. मग तो धावायलाच लागला. धावताना मनात हिशेब नव्हता, प्रार्थना नव्हती, फक्त एकच गोष्ट होती, की दुपार झाली आहे, ऊन पश्चिमेकडे कललं आहे, दगड तापायला लागला असेल.

भिंत जागेवर होती. तांबूस, शांत, ऊन खात. फाटकातून आत शिरताना त्याला हायसं वाटलं. बाकावर आई होती, मांडीवर लोकर, शेजारी मास्तर पेपर धरून. बायको कठड्याला टेकून उभी होती. आणि पाच-सहा मुलं त्या भिंतीवर चेंडू मारत होती. ओळीनं उभी राहून, एकेकाची पाळी. चेंडू दगडावर आदळायचा आणि मुलं आनंदानं ओरडायची. त्याला चेंडूचा बारीकसा टप ऐकू येत होता. ओरडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"काय खेळताय?" त्यानं विचारलं.

"ढोल!" एक मुलगी म्हणाली. "ज्याचा मोठा वाजेल तो जिंकला. हा दगड सगळ्यांत मोठा वाजतो काका, बघा." तिनं चेंडू मारला. टप. सगळी मुलं खिदळली.

"रोज दुपारी हाच दंगा," बायको हसत म्हणाली. "आज लवकर कसे आलात? घामाघूम झालात की. अख्खी बिल्डिंग या भिंतीला ढोलच म्हणते आता, तुम्हाला माहीत नाही? वरच्या मजल्यावर झोपमोड होते लोकांची."

"आणि कुणाला काही वाटलं नाही?"

"वाटलं की. चौथ्या मजल्यावरची म्हणाली, पोकळ वाजतंय, एकदा बघायला हवं. पण मी म्हटलं, अहो, आमच्या ह्यांनी स्वतः तपासलीय, हातभर जागा सोडली नाही. मग गप्प बसली ती."

त्याला ओरडायचं होतं. तोंडून निघालं ते घरात बोलावं तेवढंच. "मुलांनो, बाहेर व्हा. फाटकाबाहेर." मुलांनी त्याच्याकडे बघितलं आणि चेंडू उचलला. मग त्यानं एकाला दंडाला धरून ओढलं, दुसऱ्याला ढकललं, एक रडायला लागलं, आणि बायको "अहो, अहो" करत मध्ये आली. तो आईला बाकावरून उठवायला लागला. "अगं आई, चल, ऊठ, इथं बसायचं नाही." आईची लोकर खाली पडून घरंगळली. "का पण? ऊन किती छान आलंय," ती म्हणाली. "तूच तर जाळी काढून दिलीस."

"आई, मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "मला पोकळ दगड ऐकू येत नाही. वर्ष झालं. ही भिंत मी ऐकलीच नाही. मास्तर, मी भरीव भरीव म्हणत खाली आलो, आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. सगळी भिंत सुटलेली असू शकते. उठा इथून."

हे त्यानं सगळ्यांसमोर म्हटलं. म्हणून झाल्यावर त्याला वाटलं, आता काहीतरी होईल. लोक अंगावर येतील, पळतील, शिव्या देतील. आईनं फक्त त्याच्या गालाला हात लावला. "मला वाटलंच होतं रे," ती म्हणाली. "तुझ्या वडिलांचं असंच झालं होतं. मी हल्ली किती वरच्या आवाजात बोलते तुझ्याशी, कळलं नाही का तुला?" आणि ती बायकोचा हात धरून, कमरेतून वाकत, सावकाश फाटकाकडे गेली. मुलं तिच्या मागे गेली. पण मास्तर उठले नाहीत. त्यांनी पेपरची घडी घातली आणि त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं, जशी ते पूर्वी परीक्षेच्या भीतीनं ताप चढलेल्या मुलाकडे बघत असतील.

"बसा जरा," ते म्हणाले. "पाणी प्या. उन्हातून धावत आलात, डोकं तापलंय. अहो, इतक्या वर्षांचा तुमचा हात आहे. थोडं कमी ऐकू येत असेल, मलाही येतं. म्हणून केलेलं काम खोटं ठरतं का? चेंडू मारला तर कुठलीही भिंत वाजणारच."

"मास्तर, मी सांगतोय ना की मी चुकलोय."

"तुम्ही त्या दिवशी शांत डोक्यानं सांगितलं होतं, ते खरं. हे घाबरून सांगताय." आणि मास्तर बाकावर जरा आणखी मागे सरकले, भिंतीला पाठ टेकून. दारातून दोन बायका बाहेर आल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या, एक दुसरीला म्हणाली, "कानसेनचं काय बिनसलंय?" तो त्यांच्याकडे बघत राहिला. असं काही होईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. नोकरी जाईल, लोक थुंकतील, हे सगळं धावताना त्यानं मनातल्या मनात सोसून घेतलं होतं. पण त्याचा एक शब्द या माणसांच्या डोक्यात असा घट्ट बसला होता की तो आता त्याला स्वतःलाही उखडता येत नव्हता. मामा येईपर्यंत अर्धा तास. वर ऊन होतं, आणि दगड तापत होते, आणि त्यातून काय आवाज येत होते ते त्याला कळायचा काही मार्ग नव्हता. त्यानं मान वर केली. भिंत पाच मजले वर गेली होती आणि वरून ती त्याच्यावर किंचित झुकल्यासारखी वाटत होती. ढग सरकत असले की सगळ्याच भिंती तशा वाटतात. आज ढग नव्हते.

बायको फाटकातून परत आली होती. त्याला ते कळलं नाही; तिनं त्याच्या खांद्याची पिशवी उघडली तेव्हा कळलं. तिनं हातोडी काढून त्याच्या हातात दिली.

"ठोका," ती म्हणाली. "मी ऐकते. मी सांगितलं तर पटेल ना मास्तर तुम्हाला? माझं डोकं तापलेलं नाही."

"ठोकायचं नाही म्हणालेत मामा."

"मग उचलून न्या त्यांना."

त्यानं आधी फाटकाचा काँक्रीटचा खांब ठोकला. "हा भरीव," तो म्हणाला. पोकळ कसा असतो ते सांगायला गेला आणि शब्दच सापडेनात. ढब म्हणावं तर ती ढब कशी असायची तेच आता त्याला मनात आणता येईना. "राहू द्या, कळेल मला," ती म्हणाली. मग तो भिंतीशी आला, मास्तरांच्या डोक्याच्या जरा बाजूला, आणि अगदी हलकेच हातोडी टेकवली. टक. कोरडा, नेटका. जगातला सगळ्यांत भरीव दगड. त्यानं तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा आक्रसला, दाढ दुखावी तसा. "पोकळ," ती म्हणाली. त्यानं शेजारचा ठोकला. टक. "पोकळ." त्याच्या वरचा, हात पुरेल तिथवर. टक. "हा सगळ्यात जास्त. आत काहीच नाही हो." मास्तरांनी भिंतीला टेकलेली पाठ हळूच सोडवली, उठले, आणि पेपर तिथंच टाकून, एकदाही वर न बघता, चालू लागले. दारातल्या बायका आत पळाल्या आणि दार लागलं. फाटकापाशी आई मुलांना पदराशी धरून उभी होती. खालच्या रांगेत कुठूनतरी भरीव सुरू होईल म्हणून तो कडेनं सरकत गेला. टक, पोकळ. टक, पोकळ. प्रत्येक वेळी त्याला तोच स्वच्छ टक ऐकू यायचा आणि प्रत्येक वेळी ती तेच म्हणायची, आणि प्रत्येक शब्दाबरोबर त्यानं वर पाळण्यातून उच्चारलेला एकेक "भरीव" त्याच्या अंगावर येऊन पडत होता.

आणि मग त्याला दिसलं की ती त्याच्या अगदी शेजारी उभी आहे. भिंतीच्या पायथ्याशी, कान हातोडीजवळ आणलेला, मान वाकवलेली, आणि तिच्या मोकळ्या मानेवर ते दुपारचं ऊन. अंगणात आता दुसरं कुणीही नव्हतं. ज्यांना लांब करायचं होतं ते सगळे लांब झाले होते. त्यानं हातोडी खाली घेतली.

"तू मागे हो," तो म्हणाला. "झालं आता. जा, आईपाशी जाऊन उभी राहा."

"दाराच्या वरचे राहिले ना अजून," ती म्हणाली. "शाळेची गाडी येईल आता. मुलं कुठून आत जाणार?"

"मी ठोकतो. तू तिथून ऐक."

तिनं मान हलवली. तिचे ओठ पांढरे पडले होते, तरी पाय जागचे हलले नव्हते. "तिथून ऐकू येत नाही," ती म्हणाली. "ठोका. पण हळू."